कळसूबाईच्या सात वजाबाक्या

नगरमध्ये कुणी गाडी घेतली की ती पेट्रोलची की डिझेलची, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "नंबर काय पडला?" एमएच-१६ सगळ्यांनाच मिळतं, त्यात कौतुक नाही. पुढची दोन इंग्रजी अक्षरं तर मालकाच्याही लक्षात राहत नाहीत. अब्रू असते ती शेवटच्या चार आकड्यांत. कुणाला बेरीज नऊ हवी असते, कुणाला मुलीची जन्मतारीख, कुणाला थोरल्या भावाच्या गाडीचा नंबर आणि शक्यतो त्याच्याहून एक जास्त. आरटीओनं ही हौस ओळखली आहे. पसंतीच्या नंबराला रीतसर शुल्क आहे आणि एकाच नंबरावर दोघांचा डोळा असेल तर बोलीही लागते. ७७७७ किंवा ९९९९ साठी मोजलेल्या पैशांत एखाद्याची जुनी दुचाकी सहज येईल, पण जुन्या दुचाकीकडे पाहून चौकात कुणी मान वळवत नाही.

ज्यांना शुल्क परवडत नाही ते रंगाऱ्याला गाठतात. इंग्रजी आकड्यांतला ८०५५ जरा वाकवला की 'बॉस' वाचता येतो. ४१४१ च्या डोक्यावर रेघ ओढली की 'पापा' होतो, आणि ०२१४ मधलं शून्य बारीक करून ठेवलं की 'राम' प्रकटतो. नियमात हे बसत नाही. पावती फाडली जाते, पाटी बदलावी लागते आणि पुढच्या आठवड्यात 'पापा' पुन्हा हायवेला लागतात.

आता या सगळ्या नंबरांना एकाच रांगेत उभं करणारा माणूस शेजारच्या नाशिक जिल्ह्यात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा, शिक्षण ठाण्यात आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, नोकरी देवळालीच्या शाळेत. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी शाळामास्तरकी केली आणि उरलेला सगळा वेळ आकड्यांशी खेळण्यात घालवला. त्यांची सर्वांत गाजलेली करामत चार आकड्यांची आहे आणि ती करायला चौथीपर्यंतची वजाबाकी पुरते.

कोणतीही चार आकडी संख्या घ्यायची. चारही आकडे सारखे नकोत, एवढीच अट. त्या आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या करायची, लहानात लहान संख्या करायची आणि मोठीतून लहान वजा करायची. उत्तराला पुन्हा तेच करायचं. शून्य आलं तर ते गाळायचं नाही, त्याचा मान ठेवायचा. नगरच्या माणसानं सुरुवात कुठून करावी? मलिक अहमद निजामशहानं शहर वसवलं ते साल १४९० मानतात, तिथून करू.

१४९० चे आकडे उतरत्या क्रमानं ९४१०, चढत्या क्रमानं ०१४९. वजाबाकी ९२६१. (२१ चा घन नेमका एवढाच येतो, पण ते निजामशहाच्या गावीही नसणार.) आता ९६२१ मधून १२६९ वजा, ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ वजा, ६१७४. पुढे ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४. आणखी एकदा करा, पुन्हा ६१७४. आता हा आकडा हलत नाही. वीज गेली तरी, सरकार बदललं तरी. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत याच दारात येऊन उभे राहता. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात ६१७४ वर त्यांचं टिपण आलं. जग त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतं.

एकदा ही खोड लागली की जिल्ह्याचा सगळा इतिहास वजाबाकीला बसवावासा वाटतो. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीनं नगरचा भुईकोट किल्ला घेतला. ८३१० वजा ०१३८, उत्तर ८१७२. त्याच किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी पंडित नेहरूंना आणि काँग्रेसच्या बाकी पुढाऱ्यांना आणून ठेवलं. ९४२१ वजा १२४९, उत्तर पुन्हा ८१७२! किल्ला घेतला ते साल आणि किल्ल्याचा तुरुंग केला ते साल पहिल्याच वजाबाकीत एकमेकांना भेटतात आणि पुढची वाट हातात हात घालून चालतात: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. एखाद्या ज्योतिष्याच्या हाती ही जोडी लागली असती तर त्यानं ब्रिटिश साम्राज्याची कुंडली मांडून दक्षिणा घेतली असती.

नेवाशाचं तर याहून नवल. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला पूर्ण झाली, इसवी सनाप्रमाणे १२९० मध्ये. एकाच घटनेची दोन सालं, दोन वेगळ्या कालगणना. शके घेतलं तर २२११ वजा ११२२ म्हणजे १०८९. सन घेतलं तर ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१. नीट पाहा, आकडे तेच चार आहेत, बसायच्या जागा तेवढ्या बदलल्या. म्हणजे पुढची वजाबाकी दोन्हींची एकच, ९६२१, मग ८३५२, मग ६१७४. शालिवाहन आणि ख्रिस्त यांचं दुसऱ्याच पायरीवर एकमत. ग्रंथाच्या ओव्या साधारणपणे ९,०३३ मानतात. त्या संख्येनं वाट वेगळी धरली, ८९९१, ८०८२, ८५३२, पण पायऱ्या तिलाही चारच लागल्या. पैस खांबाला टेकून बसलेल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना हे सांगून पाहावं. ते आधी "योगायोग" म्हणतील आणि मग खिशातून पेन काढतील.

अहिल्याबाई होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, १७२५ चा: तीन पायऱ्या. जिल्ह्याचं नाव त्यांच्यावरून अहिल्यानगर झालं ते २०२४ साली: चार पायऱ्या. प्रत्यक्षात त्या नामांतराला बैठका, ठराव, मोर्चे, मंत्रिमंडळ आणि केंद्राची मान्यता असं बरंच काही लागलं. गणिताला त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे त्याचं काम लवकर होतं. सातबारा घ्या. ०७१२ लिहिला की ७०८३, ८३५२, ६१७४, तीन पायऱ्यांत मोकळा. सातबाराचं काम तीन पायऱ्यांत झाल्याची जिल्ह्यातली ही दुर्मीळ नोंद म्हणायची, आणि तीही कागदावरची.

याउलट सहकार. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा साखर कारखाना सुरू झाला तो १९५० साली. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सात पायऱ्या! या खेळात सातपेक्षा जास्त कुणालाच लागत नाहीत, म्हणजे कारखान्यानं एकही पायरी चुकवली नाही. शेतकऱ्यांचे भाग गोळा करायला ज्यांनी गावोगाव पायपीट केली, त्यांना याचं आश्चर्य वाटलं नसतं. गंमत म्हणजे १९५० आणि कापरेकरांचं जन्मसाल १९०५ यांत आकडे तेच आहेत, म्हणून मास्तरांनाही स्वतःच्या स्थिरांकापर्यंत पोचायला पुऱ्या सात वजाबाक्या कराव्या लागतात. आणि ज्या वर्षी त्यांनी मद्रासला हे सांगितलं ते १९४९? तेही सातच.

पण मान कळसूबाईचा. अकोले तालुक्यातलं हे शिखर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, १,६४६ मीटर. ६६४१ वजा १४६६, ५१७५. मग ५९९४. मग ५३५५. इथे बहुतेक जण पाणी पितात. मग १९९८. मग ८०८२. मग ८५३२. आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. राज्यातल्या सर्वांत उंच शिखराला नियमात बसणाऱ्या सर्वांत जास्त पायऱ्या! वाटेवर लोखंडी शिड्या आहेत त्या वेगळ्या. आता कुणी म्हणेल, उंची फुटांत मोजली तर? ५,४०० फूट. ५४०० वजा ००४५ म्हणजे ५३५५, आणि तिथून वर सांगितलेलीच वाट: १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पाच पायऱ्यांत काम. मीटरवाल्यांनी धापा टाकत दोन वजाबाक्या जास्त केल्या आणि फूटवाले मधल्याच वळणावर त्यांना सामील झाले. दशमान पद्धत सोपी असते असं शाळेत शिकवतात.

हे सगळं घडतं कसं? तर यात नगरचा, नेवाशाचा आणि कळसूबाईचा काडीचा संबंध नाही, हे आधी कबूल केलेलं बरं. वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांच्यातला फरक एक, आणि मधल्या दोन आकड्यांतला फरक दुसरा. पहिल्याला ९९९ नं गुणा, दुसऱ्याला ९० नं, आणि बेरीज करा. १८०३ मध्ये ८ आणि ० यांचा फरक आठ, ३ आणि १ यांचा दोन. १९४२ मध्ये ९ आणि १ यांचा आठ, ४ आणि २ यांचा दोन. ७,९९२ अधिक १८०, झाले ८१७२. वेलस्ली आणि नेहरू यांची भेट घडवून आणली ती या दोन फरकांनी. असे फरक धरून एकूण जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे शून्यासकट लिहिलेल्या ९,९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ खोल्यांत कोंबल्या जातात. पुढच्या प्रत्येक वजाबाकीत खोल्या आणखी कमी होत जातात आणि शेवटी एकच उरते. तिथवर कुणाला किती पायऱ्या लागतात याचा हिशोबही झालेला आहे. सर्वांत मोठा घोळका तीन पायऱ्यांचा, २,४०० संख्यांचा. पण पुऱ्या सात पायऱ्या चढणाऱ्याही २,१८४ आहेत. म्हणून कळसूबाईचं कौतुक करावं, पण नवस बोलू नये.

आता पुन्हा गाड्या. ०००१ पासून ९९९९ पर्यंतच्या पाट्यांपैकी ९,९९० पाट्या ६१७४ ला पोचतात. 'बॉस' आणि 'पापा' सहा पायऱ्यांत. 'राम' सातव्या पायरीवर. नगरसेवकाच्या पांढऱ्या गाडीवरचा ०००१ पाच पायऱ्यांत, कसलाही प्रोटोकॉल न पाळता. आणि न पोचणाऱ्या नऊ पाट्या कोणत्या? ११११, २२२२, ३३३३ अशा थेट ९९९९ पर्यंत. यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या एकच, त्यामुळे पहिल्याच फटक्यात शून्य. ज्या नऊ नंबरांसाठी माणसं भरघोस पैसे मोजतात, नेमके तेच नऊ या खेळात पहिल्या चेंडूवर बाद होतात. शोरूमच्या दारात पेढे वाटताना हे सांगण्यात शहाणपण नाही.

बेरीज नऊ हवी म्हणणाऱ्यांचं तर काम अगदीच स्वस्तात होतं. ९९९ आणि ९० दोन्ही नऊच्या पाढ्यातले, म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर येणारं प्रत्येक उत्तर नऊनं भागलं जातं. त्याच्या आकड्यांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊच हाती लागतात. ६१७४ ची बेरीज अठरा, अठराची नऊ. शिवाय ६१७४ ला त्या अठरानं भागलं तर नेमका ३४३ येतो, म्हणजे सातचा घन. स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेनं निःशेष भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' नाव दिलं, आनंद देणाऱ्या. इतके गुण असूनही एमएच-१६ मध्ये ६१७४ साठी कुणी बोली लावल्याचं ऐकिवात नाही. चार वेगवेगळे आकडे, दिसायला साधा, आणि रंगाऱ्यानं कितीही वाकवला तरी त्यातून कुणाचं नाव निघत नाही.

नगरच्या माणसाला यात एक जागा अडते. देवळाली म्हटलं की राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा आठवते, नगरपरिषद असलेलं, उसाच्या पट्ट्यातलं गाव. कापरेकर तिथले असते तर आतापर्यंत वेशीवर कमान झाली असती आणि कमानीवरच्या नावांच्या क्रमावरून दोन गट पडले असते. पण त्यांची देवळाली नाशिकची, लष्करी छावणीची. तिथे हा मास्तर टिपणं लिहायचा, स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापायचा आणि बोलावलं तिथे जाऊन आकड्यांच्या गमती सांगायचा. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस त्यांना मिळालं होतं. १९२९ मध्ये पदवी झाली आणि पुढचं शिक्षण झालं नाही. इथल्या गणितज्ञांपैकी बऱ्याच जणांना त्यांचं काम किरकोळ वाटलं. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि मग इकडच्यांनी विचारायला सुरुवात केली, हे कापरेकर म्हणजे कोण? आपल्याकडे माणूस मोठा व्हायला टपाल परदेशातून यावं लागतं. कापरेकर १९८६ मध्ये गेले.

देवळालीचं नाव मात्र त्यांनी गणितात नेऊन ठेवलं. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा. ८ मध्ये ८ मिळवले की १६. १३ मध्ये ४ मिळवले की १७. म्हणजे ८ हा १६ चा जनक आणि १३ हा १७ चा. पण काही संख्यांना जनकच सापडत नाही, त्या स्वयंभू. त्यांनाच देवळाली संख्या असंही म्हणतात. १०८ घ्या, जपमाळेचे मणी आणि रुग्णवाहिकेचा नंबर. ऐंशीच्या घरात शोधलं तर एकम स्थानी दहा लागतात, नव्वदीत साडेचार लागतात, शंभरीत साडेतीन. तिन्ही अशक्य. १०८ ला आईबाप नाहीत. शनिशिंगणापूरची शिळा आणि सिद्धटेकचा सिद्धिविनायक ज्या जिल्ह्यात स्वयंभू मानले जातात, तिथे ही कल्पना समजावून सांगायला फळा लागत नाही.

पण आरटीओच्या क्रमांकांना हाच नियम लावला की भांडणं सुरू होतात. नगरचा १६, त्याचा जनक ०८, म्हणजे रत्नागिरी. श्रीरामपूरचा १७, त्याचा जनक १३, सोलापूर. एकाच जिल्ह्यातल्या दोन कार्यालयांचे बाप वेगळे निघाले, त्यामुळे श्रीरामपूर जिल्हा वेगळा करा म्हणणाऱ्यांना आणखी एक मुद्दा मिळाला. नाशिकचा १५, जनक १२, पुणे. कापरेकर शिकले पुण्यात, हे इथे आपोआप जुळलं. छत्रपती संभाजीनगरचा २० मात्र स्वयंभू. नागपूरचा ३१ स्वयंभू. आणि बारामतीचा ४२? तोही स्वयंभू. गणिताला राजकारण कळत नाही असं वर म्हटलं होतं, तेवढं वाक्य मागे घ्यायला हरकत नाही.

चार आकड्यांत ज्यांचं मन रमत नाही त्यांच्यासाठी मास्तरांनी लांबलचक संख्याही ठेवल्या आहेत. मुंबईपासून तीसेक मैलांवर तेव्हाच्या जीआयपी रेल्वेचं डेमलो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आताची डोंबिवली. तिथे सुचल्या म्हणून त्या डेमलो संख्या. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. असं करत नऊ एक शेजारी शेजारी मांडून वर्ग केला की येतो १२३४५६७८९८७६५४३२१, नवापर्यंत चढून तितक्याच शिस्तीनं उतरणारा. व्यवहारात हा सुमारे १२३ कोटी कोटी. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त संख्यास्थानांची जी नावं दिली आहेत त्यांत याचा पहिला एक 'मध्य' या स्थानावर बसतो. त्याच्यापुढे फक्त परार्ध. या राक्षसाच्या आकड्यांची बेरीज ८१ आणि ८१ नं तो पुरा भागला जातो, म्हणजे एवढा अवाढव्य असूनही हर्षदच. हाव धरून दहावा एक मांडला की हातचे येतात आणि सगळी रांगोळी विस्कटते: १२३४५६७९००९८७६५४३२१. आज डोंबिवली स्टेशनवर सकाळी आठ वाजता कुणाला वर्ग करायची कल्पना सुचली, तर ती डोक्यात राहील पण माणूस फलाटावर राहणार नाही.

सहा आकड्यांवर मात्र कापरेकरांची वजाबाकी वेगळाच स्वभाव दाखवते. नगर शहराचा पिनकोड ४१४००१. पहिली वजाबाकी ४४११०० वजा ००११४४, उत्तर ४३९९५६. मग ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४. अजून स्थिरांकाचं चिन्ह नाही. मग ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६! गाडी रिंगरोडला लागली. सात थांब्यांची फेरी, उतरायची सोय नाही. सहा आकड्यांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत, पण नगरचा पिन त्यांपैकी एकाकडेही जात नाही. शिर्डीचा ४२३१०९ घेतला तर तो चार वजाबाक्यांत ६२०८७४ ला येतो आणि पाचवीला ८५१७४२ वर त्याच फेरीत चढतो. ज्यांची पत्रं कधीच पोचली नाहीत त्यांना अखेर गणिती कारण मिळालं, यावर टपाल खात्यानं समाधान मानावं.

राहता राहिला मोबाइल. दहा आकडी नंबरात शून्यापासून नवापर्यंतचे सगळे आकडे एकेकदा आले असतील, तर मोठ्यात मोठी संख्या ९८७६५४३२१० आणि लहानात लहान ०१२३४५६७८९. वजाबाकी ९७५३०८६४२१. हिच्यातही दहाच्या दहा आकडे एकेकदाच आले, म्हणून पुढच्या वजाबाकीला ती जागची हलत नाही. हिचे दोन भाग करून पाहा, ९७५३० आणि ८६४२१. विषम आकडे उतरत्या क्रमानं एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला. फक्त शून्य विषमांत जाऊन बसलंय आणि एक समांत; शिर्डीच्या दर्शनबारीत नवरा बायकांच्या रांगेत आणि बायको पुरुषांच्या रांगेत शिरावी तसं. ही अदलाबदल केली हातच्यानं. एककात शून्यातून नऊ जाईनात म्हणून शेजाऱ्याकडून दहा उसने घेतले आणि एक उरला. उसने दिलेल्याची भरपाई पुढे सरकत गेली ती मधल्या घरात शून्य टाकूनच थांबली.

दहा आकड्यांत असे स्थिर मुक्काम तीन आहेत. बाकीचे दोन ६३३३१७६६६४ आणि ९९७५०८४२०१. जे नंबर या तिघांकडे जात नाहीत ते नगरच्या पिनसारखे फेऱ्या मारत राहतात. भारतातले मोबाइल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊनं सुरू होतात, त्यामुळे हे तिन्ही स्थिरांक दिसायला अगदी मोबाइल नंबर. गणिताच्या जिज्ञासेपोटी ते लावून पाहू नयेत. गळिताचा हंगाम चालू असेल आणि पलीकडचा माणूस नगर जिल्ह्यातला निघाला, तर तुम्ही तोंड उघडायच्या आत तो विचारेल, "हं, टोळी कधी पाठवताय?"